फॉरमॅट मारायच्या आधी: परदेशातून आणलेल्या लॅपटॉपची भाषा कशी बदलते

मुलीने जर्मनीहून पाठवलेला, भाच्याने मस्कतहून येताना आणलेला, कंपनीच्या कामासाठी जपानला गेलेल्याने तिथल्याच दुकानात घेतलेला. गणपतीच्या आसपास चिपळूणच्या आमच्या दुकानात असे लॅपटॉप हमखास येतात. मशीन उत्तम असतं, फक्त स्क्रीनवरचं एक अक्षर वाचता येत नाही. ग्राहक पायरी चढता चढताच म्हणतात, "फॉरमॅट मारून इंग्लिश टाकून द्या."

बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. विंडोजची भाषा सेटिंगमधून बदलते, डेटा जागच्या जागी राहतो आणि लायसन्सलाही धक्का लागत नाही. ज्यांना घरीच करून बघायचं आहे त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक. जमलं तर आमच्याकडे यायची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. लॅपटॉप तुमच्या कंपनीने दिलेला असेल तर यातलं काहीही करू नका. त्या मशीनवर आयटी विभागाची कुलुपं असतात, त्यांनाच फोन करा.

आधी आवृत्ती बघा

विंडोजचं बटण दाबून धरा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरं टाइप करून एंटर मारा. जी खिडकी उघडते तिच्यातला मजकूर जर्मन असो की जपानी, आवृत्तीचं नाव त्यात इंग्रजी अक्षरांतच असतं: 'विंडोज ११ होम', 'विंडोज ११ प्रो' किंवा 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज'.

नुसतं होम किंवा प्रो असेल तर काम सोपं. या दोन्ही आवृत्त्यांत हव्या तेवढ्या भाषा उतरवता येतात. सिंगल लँग्वेज असेल तर नावाप्रमाणेच एक भाषा, दुसरी घालू गेलात तर तुमच्या लायसन्समध्ये एकच भाषा चालते असा निरोप येतो. गंमत म्हणजे आपल्याकडे, भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सिंगल लँग्वेजच असते. त्यामुळे जर्मनीच्या लॅपटॉपला इंग्रजी करणं सोपं पडतं, पण इथून लॅपटॉप घेऊन जर्मनीला गेलेल्या मुलाला तो जर्मनमध्ये करायचा असेल तर तो अडतो. शिकायला जाणारं कुणी घरात असेल तर खरेदीच्या वेळीच हे बघून घ्या.

चीनमध्ये घेतलेल्या मशीनवर आवृत्तीचं नावही चिनी लिपीत दिसतं. तिथे 'होम चायना' नावाची वेगळी आवृत्ती असते आणि तीही एकाच भाषेला बांधलेली असते. असा लॅपटॉप सरळ आमच्याकडे आणा.

जपानी मशीनवर एक छोटी अडचण येते. चौकटीत इंग्रजी अक्षरं टाइप करायला जाल आणि जपानी अक्षरं उमटतील. कीबोर्डवर १ च्या डावीकडे जे जपानी मजकुराचं बटण आहे ते एकदा दाबा, इंग्रजी सुरू होईल.

न वाचता सेटिंग कशी गाठायची

विंडोजचं बटण आणि आय एकदम दाबलं की सेटिंग्ज उघडतं. डाव्या बाजूच्या यादीत माणसाचं चित्र असलेली ओळ शोधा. तिच्या खालची, पृथ्वीगोल आणि घड्याळ असलेली ओळ आपली. ती उघडली की उजवीकडची दुसरी ओळ भाषेची. (अरबी विंडोजमध्ये सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी असते, म्हणजे यादी उजवीकडे. मोबाईलच्या भाषांतराच्या ॲपमधून कॅमेरा स्क्रीनवर धरला तरी निभावतं.)

या पानावर भाषा जोडण्याचं निळं बटण आहे. ते दाबल्यावर जी यादी येते तिच्यात प्रत्येक भाषेचं नाव त्या त्या भाषेतही लिहिलेलं असतं, म्हणून इंग्लिश शोधायला त्रास होत नाही. इथे यूएस किंवा यूके इंग्लिश निवडा. भारताचं इंग्लिश पुढे लागेल, पण ते दुसऱ्या कामासाठी. पुढच्या पानावर टिकमार्कच्या चौकटी येतात. त्यात एक भाषेचा पॅक उतरवण्याची आणि एक तीच भाषा स्क्रीनसाठी लावण्याची. दोन्हींवर टिक असू द्या आणि इन्स्टॉलचं बटण दाबा. पॅक इंटरनेटवरून उतरतो, तेव्हा मोबाईलच्या डेटावर बसण्यापेक्षा वायफाय बरा. मग साइन आउट करून पुन्हा आत या. स्क्रीन इंग्रजी झालेली असेल.

इथेच बरेच जण थांबतात, आणि खरा घोटाळा पुढेच असतो.

स्क्रीन इंग्रजी, हिशेब जर्मन

स्क्रीनची भाषा आणि आकडे-तारखांची मांडणी ही विंडोजमध्ये दोन वेगळी खाती आहेत. एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही.

जर्मन मांडणीत दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम, आणि टिंब तारखेसाठी. आता दुकानाचं बिल एक्सेलमध्ये करताना पाच टक्के जीएसटीची फोड म्हणून सीजीएसटीच्या रकान्यात २.५ टाइप करा. एक्सेल त्याचा अर्थ २ मे असा लावतं आणि रकान्यात '०२. माय' असं काहीतरी उमटतं. जर्मनमध्ये माय म्हणजे मे महिना. एक्सेलच्या पोटात प्रत्येक तारीख हा एक क्रमांक असतो. २ मे २०२५ चा क्रमांक ४५७७९. म्हणजे त्या रकान्याची बेरीज किंवा गुणाकार केला की अडीचच्या जागी पंचेचाळीस हजार घुसतात. ग्राहकाला वाटतं एक्सेल बिघडलं. बिघडलेलं काही नसतं.

उपाय त्याच भाषेच्या पानावर, खाली आहे. देश म्हणून इंडिया निवडा आणि रिजनल फॉरमॅट म्हणून इंग्लिश, इंडिया. आधी बाजूला ठेवलेलं भारताचं इंग्लिश ते हेच. यानंतर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी येते, रुपयाचं चिन्ह येतं आणि आकडे १२,३४,५६७ असे लाखाच्या हिशेबाने तुटतात. मात्र ज्या रकान्यांची आधीच तारीख झाली आहे ते आपोआप सुधारत नाहीत. तिथे आकडे पुन्हा भरावे लागतात. जुन्या फाइलमध्ये ते शोधणं हेच सगळ्यात वेळखाऊ काम, म्हणून पहिल्याच दिवशी ही सेटिंग करा. वेळेचा पट्टाही भारताचा करून घ्या.

आता राहिली मशीन सुरू होतानाची स्क्रीन. पासवर्ड मागणारं पान अजून जर्मन किंवा जपानीच दिसेल, कारण आपण बदल केला तो फक्त आपल्या खात्यापुरता. त्याच भाषेच्या पानावर खाली 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज' आहे ते उघडा, 'कॉपी सेटिंग्ज' दाबा आणि खालच्या दोन्ही चौकटींवर टिक करा: एक स्वागताच्या पानासाठी, एक नवीन खात्यांसाठी.

त्याच खिडकीत 'सिस्टम लोकेल' नावाचं बटण आहे. छापखानेवाले, पत्रिका-डीटीपीवाले, तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं. युनिकोडच्या (सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकच ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे मराठी फॉन्ट आणि त्यांची सॉफ्टवेअर विंडोजकडे कोणती अक्षरसारणी लावू असं विचारतात, आणि जपानी लोकेल असेल तर विंडोज जपानी सारणी पुढे करतं. लग्नपत्रिकेच्या जुन्या मजकुराचा मग जपानी अक्षरांचा चुरा दिसतो. लोकेल इंग्लिश, इंडिया करून मशीन रिस्टार्ट केली की हा गोंधळ जातो. जपानी मशीनवर फोल्डरच्या पत्त्यात तिरप्या रेघेऐवजी येनचं चिन्ह दिसतं तेही यामुळेच, त्याला घाबरू नका. तिथेच युटीएफ-८ ची, म्हणजे युनिकोडच्याच एका प्रकाराची, एक 'बीटा' (अजून चाचणीतली) चौकट आहे. इंटरनेटवरच्या व्हिडिओत ती टिक करायला सांगतात. आमचं मत, तिला हात लावू नका. जुनी सॉफ्टवेअर तिने हमखास बिथरतात.

कीबोर्ड

बटणांवर छापलेलं अक्षर आणि बटण दाबल्यावर उमटणारं अक्षर यांचा संबंध सॉफ्टवेअर ठरवतं. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल असतात आणि ॲटचं चिन्ह क्यू या बटणावर असतं. जपानीवर ते पी च्या उजवीकडे सापडतं. फ्रेंचवर वरच्या रांगेतले आकडे शिफ्ट धरल्याशिवाय येत नाहीत. तुम्ही मांडणी यूएस किंवा इंडियाची केली की बोटं आपल्या सवयीप्रमाणे चालतात, छाप मात्र जुनाच राहतो. बघून टाइप करणाऱ्यांसाठी स्टिकर मिळतात.

यातून पासवर्डची फसगत होते. पासवर्डमध्ये झेड किंवा ॲट असेल आणि तो जर्मन मांडणीत ठेवला असेल, तर मांडणी बदलल्यावर तीच बटणं दाबून तो चुकीचाच ठरणार. 'काल रात्रीपर्यंत चालत होता' अशी तक्रार आली की आम्ही आधी लॉगिनच्या पानावर उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह बघतो. तिथून मांडणी बदलता येते. बरेच लॅपटॉप एवढ्यावरच परत घरी जातात.

पूर्ण कीबोर्ड बदलून मागणाऱ्यांना आम्ही दोनदा विचार करा म्हणतो. जर्मन कीबोर्डचा एंटर उभा, दोन रांगांत पसरलेला असतो आणि डाव्या शिफ्टजवळ एक बटण जास्त असतं. जपानीत तर स्पेसबार आखूड असून दोन्ही बाजूंना जादा बटणं असतात. वरच्या पत्र्याची भोकं त्या मापाने कापलेली असली तर पत्राही बदलावा लागतो, आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

सिंगल लँग्वेज निघालं तर

दोन रस्ते आहेत. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून प्रो आवृत्ती विकत घेतली की भाषेचं बंधन सुटतं, डेटाही जात नाही. पैसे मात्र लागतात. दुसरा रस्ता म्हणजे इंग्रजी विंडोज नव्याने टाकणं, आणि इथे फॉरमॅट खरंच लागतो. लायसन्सची की सहसा मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत इंग्रजी इन्स्टॉलरला ती सापडते, तो तीच आवृत्ती टाकतो आणि इंटरनेट लागलं की विंडोज ॲक्टिव्हेट होतं. म्हणजे नवीन की विकत घ्यायचं कारण नाही. दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या की आणि क्रॅक (लायसन्सशिवाय विंडोज चालवण्याची चोरवाट) आम्ही टाकत नाही. खरं लायसन्स बोर्डात असताना वरून क्रॅक मारलेले लॅपटॉप आम्ही पाहिले आहेत.

हा रस्ता घेण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. डेटाचा बॅकअप. बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला असलेल्या विंडोजच्या कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की, जी सहसा मशीन ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जोडली आहे तिथे सापडते. ते खातं मुलाचं असेल तर तो जागा असताना फोन लावा. आणि ऑफिस सोबत आलं असेल तर ते कोणत्या खात्याला जोडलं आहे ते लिहून ठेवा, नाहीतर नंतर परत मिळवताना दमछाक होते. इंटेलच्या बऱ्याच नव्या मशीनवर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ती खराब नसते, इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

सेटिंगमधून भाषा बदललेल्यांनीही लक्षात ठेवा: उद्या कंपनीच्या फॅक्टरी रिकव्हरीतून मशीन मूळ स्थितीत नेलंत तर जर्मन किंवा जपानी परत येईल. वर सांगितलेलं सगळं पुन्हा करायचं.

मराठी हवी असेल तर

त्याच यादीतून मराठी जोडा. मराठी इंटरफेस अर्धवट असतो, जिथे भाषांतर नाही तिथे मूळ भाषा डोकावते, म्हणून आधी इंग्रजी उतरवून घ्या. टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी, आहेच. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक कीबोर्डही आहे, इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा. निर्मला हा देवनागरी फॉन्ट सगळीकडे असतो, पण मंगल परदेशी मशीनवर नसू शकतो आणि सरकारी अर्जांच्या फाइल वेड्यावाकड्या दिसतात. मराठी जोडल्यावर तोही उतरतो.

मॅकवाल्यांना यातलं काही लागत नाही. सिस्टम सेटिंग्ज, जनरल, लँग्वेज अँड रिजन, इंग्लिश ओढून वर घ्या, रिस्टार्ट.

दुकानात येताना

लॅपटॉप, चार्जर आणि असलं तर परदेशातलं बिल आणा. वॉरंटी इथे चालते का ते आम्ही सिरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघून देतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर तो आपल्या विजेवर बिनधास्त चालतो, नुसती भिंतीकडची वायर बदलायची, कन्व्हर्टरची गरज नाही. फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर घरी प्लगला लावूच नका. पासवर्ड आम्हाला सांगू नका, काउंटरवर बसून स्वतः टाका. सेटिंगचं काम तुमच्यासमोरच होतं. नव्याने विंडोज टाकायचं असेल तर मशीन ठेवून जावी लागते.