आलेखातली रेष मध्येच तुटलेली का असते?

आमच्याकडून आलेल्या अहवालात एखादी रेष मध्येच तुटलेली दिसली, तर ती छपाईची चूक समजू नका. तेवढ्या दिवसांची नोंद तुमच्या फाइलमध्ये नव्हती, म्हणून ती जागा आम्ही मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

"जोडून टाका की, बरी दिसेल," असं बरेच जण सुचवतात. तसं केलं तर काय होतं ते पाहा. आकडेवारीच्या 'आर' या सॉफ्टवेअरसोबत नमुना म्हणून न्यूयॉर्कच्या हवेच्या नोंदी येतात: मे ते सप्टेंबर १९७३, एकूण १५३ दिवस. त्यातल्या ३७ दिवसांचा ओझोनचा आकडाच नाही. २० जूनला ओझोन १३ होता, १ जुलैला १३५, आणि मधले दहाही दिवस कोरे. ही दोन टोकं जोडली की ओझोन रोज थोडा थोडा चढत गेला असं वाटतं. तसं कोणीच मोजलेलं नाही. कोऱ्या जागी शून्य भरलं तर आणखी गंमत: दहा दिवस ओझोनचा पत्ताच नाही!

सॉफ्टवेअरवर सोडून द्यावं, तर प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक्सेलमध्ये सेल खरोखर रिकामा असेल तर रेष तुटते. पण सूत्रामुळे नुसता रिकामा दिसत असेल, तर तिथे शून्य काढलं जातं. रेष अचानक तळाला गेली की आधी हेच तपासा. स्टाटा हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर सांगितल्याशिवाय रेष तोडतच नाही. 'आर'मधलं आलेख काढायचं साधन जीजीप्लॉट, मध्ये 'एनए' (म्हणजे 'नोंद नाही' ही खूण) असेल तर तिथे रेष तोडतं, पण ती ओळच फाइलमधून काढली असेल तर गुपचूप जोडून मोकळं होतं.

म्हणून कोऱ्या ओळी खोडू नका, तारीख राहू द्या. पाऊस पडला नाही तर शून्य लिहा. पर्जन्यमापक कोणी पाहिलाच नाही तर जागा कोरी ठेवा. नोंद नसल्याची खूण म्हणून -९९ किंवा ९९९ लिहायची पद्धत असेल तर आधी कळवा, नाहीतर त्या एका आकड्यापायी बाकीचा आलेख चपटा होतो.

विहिरीच्या पाणीपातळीसारख्या सावकाश बदलणाऱ्या मापात एखाददुसरी नोंद हुकली असेल, तर तुम्ही म्हणाल तिथे जोडू; पण तुटक रेषेने, आणि खाली तशी टीप देऊन. रोजच्या विक्रीत मात्र आम्ही हे करत नाही.

फाइलसोबत जागा कोरी का राहिली ते एका ओळीत लिहा. मीटर बंद होता, सुट्टी होती, वही सापडली नाही, जे असेल ते.