बेटवजा अधिवासातील प्रजनन : अंजनेरीचे कंदीलपुष्प

भोवती समुद्र असो वा शेती, जगण्याजोगी जागा चहूकडून तुटली की वनस्पतीच्या लेखी ते बेटच. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतचा, सुमारे १,३०० मीटर उंचीचा अंजनेरीचा डोंगर असे बेट आहे. त्यावरील अंजनेरी कंदीलपुष्प ही नळीदार फुलांची वनस्पती-जाती २००६ मध्ये शास्त्राला ज्ञात झाली.

दूरच्या बेटावर एकटे पोहोचलेले बी स्वपरागणानेच वंश चालवू शकते, म्हणून तेथे स्वफलनक्षम, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळ धरू शकणाऱ्या, जाती अधिक असाव्यात, असे वनस्पतिशास्त्रज्ञ हर्बर्ट बेकर यांनी १९५५ मध्ये मांडले. हवाई बेटे या नियमाला पुरती जुमानत नाहीत. तेथे नर-मादी झाडे वेगळी असणाऱ्या जाती सुमारे १५ टक्के आहेत. जगभरात जेमतेम ६ टक्के. तिथली सिल्व्हरस्वर्ड ही वनस्पती तर स्वतःचा पराग नाकारते.

कंदीलपुष्पांच्या प्रजातीत पराग सुटा नसतो, मेणचट परागपुंजांत बांधलेला असतो. वासाने आलेली बारीक माशी फुलाच्या नळीत उतरते. आतले केस खाली वळलेले असल्याने तिला परत चढता येत नाही. तळच्या फुगीर भागात धडपडताना परागपुंजांची जोडी चिमट्यासारखी तिच्या सोंडेला अडकते. केस कोमेजले की ती सुटते. पुढच्या फुलात तोच पुंज परागकोशांमधल्या खाचेत बसला, तरच फळ धरते. त्यामुळे नुसती रोपे मोजणे अपुरे आहे. एकाच आठवड्यात फुललेली रोपे माशीच्या टप्प्यात किती, हे मोजायला हवे.

स्वफलन तपासण्यासाठी कळी उमलण्यापूर्वीच जाळीदार पिशवी बांधावी. काही फुले तशीच ठेवावीत, काहींना स्वतःचा आणि काहींना दुसऱ्या रोपाचा पुंज द्यावा. मग तिन्ही गटांतील फळे मोजावीत. भिंगाखाली सुईने परागपुंजांची जोडी उचलून त्यातला एक पुंज खाचेत सरकवायचा, पारदर्शक कडा आत ठेवून. परागनलिका त्याच कडेतून फुटते; पुंज उलटा बसला तर श्रम वाया जातात. पावसात दाट कापडाची पिशवी ओली राहून फूल कुजते.

फळे जोडीने येतात, शेंगेसारखी. बियांना रेशमी झुपका असतो. त्या वाऱ्यावर उडतात, पण कड्यापलीकडे गेलेले बी बहुधा वायाच जाते. कंद जमिनीखाली उन्हाळा काढतो आणि पावसाबरोबर फुटतो. म्हणून चरून गेलेले रोप पुढच्या वर्षी परतू शकते. खाण्यासाठी उकरलेला कंद मात्र गेलाच. बी उडण्याआधी गवत कापले तर त्या वर्षीची पिढी बुडते.