बिटकॉइनचा शुक्रवार, ठाण्याचा शनिवार

बिटकॉइन या डिजिटल चलनाचं चौथं हाल्व्हिंग (म्हणजे नवी बिटकॉइन बक्षीस मिळण्याचं प्रमाण निम्मं होणं) झालं तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शुक्रवार, १९ एप्रिल २०२४ होता आणि रात्रीचे ८ वाजून ९ मिनिटं झाली होती. ठाण्यात त्या क्षणी शनिवार उजाडत होता, पहाटेचे ५:३९. ‘शुक्रवारी रात्री आठला’ एवढंच वाचून घोडबंदर रोडवर कुणी त्या रात्री लॅपटॉप उघडून बसलं असेल, तर ते साडेनऊ तास आधीच येऊन बसलं.

या दोन घड्याळांमधला दुवा म्हणजे यूटीसी, जगभरची घड्याळं जिच्याशी जुळवतात ती प्रमाणवेळ. त्यानुसार तेव्हा २० एप्रिलचे ००:०९ झाले होते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. साडेपाचच का? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटं. ठाणे-वाशी ७३ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे इथला सूर्य मनगटावरच्या घड्याळापेक्षा सरासरी ३८ मिनिटं मागे असतो. देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी शेजारच्या मुंबईने आपली वेगळी वेळ पुढे कित्येक दशकं सोडली नव्हती!

खरा घोळ अमेरिका घालते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणून न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. युरोपही घड्याळं बदलतो, पण मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यात भर म्हणजे टोकन लाँचच्या, म्हणजे नवं डिजिटल नाणं बाजारात आणण्याच्या, जाहिरातींत भर जुलैतही ‘ईएसटी’, म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळी वेळ, बिनदिक्कत छापलेली दिसते. ‘आयएसटी’वरही (आपल्यासाठी भारतीय प्रमाणवेळ) डोळे झाकून विसंबू नये, इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात. आयोजकाने यूटीसी दिली नसेल तर सरळ विचारून घ्यावी, आणि तारखेसकट.

हाल्व्हिंगची गोष्ट मात्र न्यारीच. ते घड्याळावर ठरतच नाही. बिटकॉइनचे व्यवहार ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांत नोंदवून एकामागोमाग साखळीत जोडले जातात. दर २,१०,००० ब्लॉकनंतर मायनरांना, म्हणजे संगणकावर हे ब्लॉक तयार करणाऱ्यांना, नव्या बिटकॉइनमध्ये मिळणारं बक्षीस निम्मं होतं. २०२४ मध्ये ८,४०,००० क्रमांकाच्या ब्लॉकला ते ६.२५ वरून ३.१२५ झालं. एक ब्लॉक सरासरी १० मिनिटांत सापडतो, पण कधी मिनिटभरात, कधी तासाभराने. त्यामुळे काउंटडाउनवर दिसणारी वेळ हा अंदाजच असतो.

मग ते ५:३९ आले कुठून? ब्लॉक तयार करणारा मायनर त्यावर १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद नोंदवतो. त्यात टाइम झोन नसतो. ही नोंद आधीच्या ११ ब्लॉकांच्या वेळांच्या मध्यकाच्या (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या वेळेच्या) पुढची हवी आणि ब्लॉक तपासणाऱ्या संगणकाच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे नको, एवढीच अट. ती इतकी सैल आहे की साखळीत नंतर जोडलेल्या ब्लॉकवर कधीकधी त्याच्या आधीच्या ब्लॉकपेक्षाही अगोदरची वेळ सापडते.