डोह आटत जातो तेव्हा पाणमांजर काय खातं?

किनवटच्या बाजूला मे महिन्यात पैनगंगा पाहिली, तर तिला नदी म्हणवत नाही. खडकांच्या आडोशाला डोह तेवढे उरतात, मधे नुसते तापलेले गोटे. अशा जंगल-नद्यांमध्ये पाणमांजराचं जेवण पाण्याबरोबर बदलत जातं.

तुळतुळीत केसांचं हे जनावर ७ ते ११ किलोंचं. मुख्य अन्न मासेच. देवमाशासारखा चरबीचा जाड थर त्याच्या अंगावर नसतो. पाण्यात ऊब टिकते ती दाट केसांमुळे आणि सतत खाण्यामुळे. दिवसाला किलोभर मासे सहज लागतात.

ते काय खातं, हे विष्ठा सांगते. कळप नदीकाठच्या ठरलेल्या खडकांवरच विष्ठा करतो. वाळलेला तुकडा चिमटीत धरला की भुगा होतो आणि त्यात अभ्रकासारखे खवले चमकतात. अभ्यासक तो भिजवतात, बारीक चाळणीत धुतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. खवल्यावरच्या रेषांवरून माशाचं कुळ कळतं. शिंगाळ्याला खवलेच नसतात, तिथे मणके आणि पराचा काटा कामाला येतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं: जनावराला हातही न लावता त्याचं ताट वाचता येतं.

पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, मासे चढणीला लागतात, पसरतात. तेव्हा पाणमांजराच्या मिशा उपयोगी पडतात. पाण्यातली बारीक हालचालही त्यांना जाणवते. तरी मासे हाती लागणं अवघडच, म्हणून बेडूक, खेकडे, किडे यांचा आधार. पाणी निवळलं की कळप एकत्र येऊन मासे उथळ पाण्याकडे हाकतो.

उन्हाळ्यात मासे डोहात कोंडतात. पाण्यातला प्राणवायू कमी होतो, पण मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात, म्हणून शेवटपर्यंत तग धरतात. उरलेल्या पाण्यात शिकार सोपी असते.

पण त्याच डोहावर माणसाचाही डोळा असतो. कुणी पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकतं, की मोठ्या मरळीपासून बोटभर पिल्लांपर्यंत सगळं उलटं तरंगतं. माणूस गोणी भरून घरी जातो. डोहाच्या भरवशावर असलेल्या कळपाला मात्र, पिल्लं बरोबर घेऊन, कोरड्या पात्रातून पुढचं पाणी शोधत निघावं लागतं.