जाड अक्षराच्या पोटातलं पांढरं

गेल्या गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मांडवाबाहेर फ्लेक्स लागला होता. वर गुजराती, खाली मराठी, दोन्ही अक्षरं सारखीच जाडजूड. रस्त्यापलीकडून आईने विचारलं, "अरे, आज रात्री ‘मजन’ म्हणजे काय?" जवळ जाऊन पाहिलं तर ‘भजन’ होतं.

आईची नजर चांगली आहे, चूक टंकाची, म्हणजे छापील अक्षरांच्या वळणाची (फॉन्टची) होती. भ आणि म यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेघेत डावीकडे असलेली छोटीशी फट. ध आणि घ यांचंही तसंच. रेघ जाड करत नेली की ती फट बुजते आणि ‘धन’चा ‘घन’ होतो. वरच्या गुजरातीला शिरोरेघच नसते, त्यामुळे तेवढ्याच उंचीत तिच्या अक्षरांना जाड व्हायला जागा उरते. दोन लिप्या रोज शेजारी शेजारी वाचणाऱ्या आम्हा बडोदेकरांना हा फरक पाटीपाटीवर दिसतो.

जाड अक्षर असं फसू नये म्हणून टंक घडवणारे काय करतात ते पाहू. कंपास-पट्टीने काढल्यासारख्या अक्षरांचा सर्वांत प्रसिद्ध टंक म्हणजे जर्मनीच्या पॉल रेनर यांचा ‘फ्युचुरा’ (१९२७). अपोलो ११ने चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरची अक्षरं याच टंकातली. त्यातला रोमन ‘ओ’ अगदी गोल वाटतो, पण ही अक्षरं निव्वळ कंपासवर सोडलेली नाहीत. सारख्याच जाडीची आडवी रेघ आपल्या डोळ्यांना उभीपेक्षा जाड भासते, म्हणून आडवा भाग किंचित बारीक करतात. गोल अक्षर ओळीला जेमतेम टेकतं, त्यामुळे ते लहान दिसतं. मग त्याला ओळीच्या थोडं बाहेर जाऊ देतात. दोन रेघा मिळतात तिथे काळा डाग साचतो, म्हणून तो सांधा आतून तासतात. ठळक वजनात (टंकाचं वजन म्हणजे रेघेची जाडी) ही तासणी जास्तच करावी लागते, कारण जाडी वाढते तसं अक्षराच्या पोटातलं पांढरं आक्रसतं. भूमितीची शिस्त डोळ्यांना पटावी म्हणून भूमिती इतक्या ठिकाणी मोडावी लागते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

देवनागरीत हे काम आणखी अवघड, कारण गाठी, वेलांट्या आणि जोडाक्षरं सगळी त्याच उंचीत बसवायची असतात. इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या टंक घडवणाऱ्या कंपनीचा ‘पॉपिन्स’ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला हा भौमितिक टंक अगदी बारीकपासून अगदी जाडपर्यंत नऊ वजनांत मिळतो. त्यात रोमन मोठी अक्षरं देवनागरीपेक्षा मुद्दाम बुटकी ठेवली आहेत, म्हणजे एका ओळीत ती मराठीवर कुरघोडी करत नाहीत.

असे जाड टंक मथळ्याला, दुकानाच्या पाटीला, बोधचिन्हाला शोभतात. लग्नपत्रिकेतल्या बारीक मजकुराला नाही. आणि रात्री उजळणाऱ्या पाटीसाठी आणखी एक सावधगिरी हवी: काळ्यावरचं पांढरं अक्षर आहे त्याहून जाड भासतं, तेव्हा तिथे एक वजन खालीच उतरावं.

यंदा मंडळाच्या पोरांना मी तेच सांगणार आहे. आणि फ्लेक्स छापायला देण्याआधी नमुन्याचा कागद मांडवाला लावून आईला रस्त्यापलीकडे उभी करणार आहे.