हत्तीखान्यातलं डीएच-९

२०१९ मध्ये इंग्लंडमधल्या डक्सफर्डहून एअरको डीएच-९ जातीच्या एका दुपंखी विमानानं पुन्हा उड्डाण केलं. पहिल्या महायुद्धातलं हे बॉम्बफेकी विमान, क्रमांक ई-८८९४. उडू शकणारं दुसरं डीएच-९ जगात नाही. आणि ते सापडलं कुठे, तर बिकानेरच्या जुनागड किल्ल्यात, एके काळी हत्ती बांधत त्या जागेत!

खरं तर हे विमान त्याच्या काळात बदनामच होतं. विमानांचे रचनाकार जेफ्री डी हॅविलंड यांच्या आधीच्या डीएच-४ मध्ये वैमानिक आणि मागचा निरीक्षक यांच्या मध्ये पेट्रोलची टाकी होती. लढाईच्या धुमश्चक्रीत दोघांना एकमेकांशी बोलणंही मुश्कील. १९१७ च्या डीएच-९ मध्ये दोघांच्या जागा पाठीला पाठ लागून आल्या, आणि ही सुधारणा चांगलीच होती. घात केला इंजिनानं. सिडली प्युमा या इंजिनाकडून अपेक्षा होती ३०० अश्वशक्तीची. शेवटी २३० वर भागवावं लागलं. बॉम्ब लादलेलं विमान पुरेशा उंचीवर चढेना आणि शत्रूच्या लढाऊ विमानांच्या तावडीत सापडे. ३१ जुलै १९१८ ला ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची १२ विमानं जर्मनीवर निघाली. तीन इंजिन बिघडून परतली, सात पाडली गेली. विमान कमी पडणार हे वरिष्ठांना आधीच कळलं होतं, पण कारखान्यांना मागण्या देऊन झाल्या होत्या. अशी चार हजारांहून अधिक विमानं बनली.

युद्ध संपलं आणि या ढिगाचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. ब्रिटननं त्यातली बरीच विमानं साम्राज्यातल्या देशांना भेट म्हणून देऊन टाकली. औदार्य होतं, आणि अडगळीची सोयही होती, असं म्हणायला हरकत नाही. भारताच्या वाट्याला १०० विमानं आली: ६० डीएच-९ आणि ४० अ‍ॅव्ह्रो ५०४. भारतीय हवाई दल स्थापन व्हायचं होतं १९३२ मध्ये, त्यामुळे ती सांभाळणार कोण? काही विमानं बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांकडे गेली. युद्धकाळात लंडनच्या मंत्रिमंडळी बैठकांना बसलेले आणि व्हर्सायच्या तहावर सही करणारे हे संस्थानिक. त्यांच्या किल्ल्यात ही विमानं पडून राहिली, आणि पडून राहिली म्हणूनच वाचली. इतरत्र बहुतेक भंगारात गेली.

वाचली म्हणजे काय वाचलं, हे मात्र नीट पाहायला हवं. वाळवंटातल्या कोरड्या हवेत धातू बरा टिकला. लाकूड वाळवीनं खाल्लं. अशा विमानाचा सांगाडा स्प्रूस आणि अ‍ॅश लाकडाचा असतो, त्यावर लिननचं कापड. कापड पंखाच्या बरगड्यांना दोऱ्यानं टाके घालून बांधतात, टाक्यांवर कातरलेल्या कडेची पट्टी चिकटवतात आणि मग डोपचे, म्हणजे लाखेसारख्या एका द्रावणाचे, हात देतात. डोप वाळताना कापड आक्रसून ताठ होतं. दोन्ही पंखांमधल्या ताणतारा पुढेमागे पिळून पंखांचा कोन साधायचा, हे कामही तितकंच चिकाटीचं.

उडवायचं ठरलं की जुनेपणाचा हट्ट बराचसा सोडावा लागतो. संग्रहालयात भेगाळलेली लाकडी पट्टीही शोभते. हवेत तिच्यावर माणसाचा जीव असतो. म्हणून लाकूड नवं, कापड नवं आणि जुना धातू तपासून पार झाला तरच पुन्हा वापरायचा. हे विमान ‘खरं’ किती, असा वाद जाणकारांत चालतोच. माझ्या मते तो फार ताणण्यात अर्थ नाही: युद्धातही ही विमानं दर काही आठवड्यांनी नव्या पंखांनी, नव्या कापडानं दुरुस्त होतच होती.

बिकानेरहून गेलेलं दुसरं डीएच-९, डी-५६४९, डक्सफर्डच्याच इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ठेवलं आहे. ते उडत नाही. आणखी एक जुनागडच्या संग्रहालयात आजही पाहता येतं.