एनएचएलचा उन्हाळी बाजार: खेळाडू केव्हा मोकळा होतो, त्याची पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, या बर्फावरील हॉकीच्या स्पर्धेचा हंगाम जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेने संपतो आणि लगेच संघबांधणीचा काळ सुरू होतो. टोरंटो, न्यू जर्सी किंवा सॅन होजे परिसरात राहणारी मराठी कुटुंबे आता मुलांच्या निमित्ताने हा खेळ आवडीने पाहू लागली आहेत, आणि आपल्या संघाने अमुक खेळाडू का सोडला, तमुक का घेतला नाही, यावर घराघरांत चर्चा रंगतात. मात्र या चर्चेत एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो, तो म्हणजे त्या दिवशी तो खेळाडू नियमाने उपलब्ध होता का आणि असल्यास कोणत्या अटींवर होता. आयपीएलप्रमाणे येथे एका सभागृहात सर्वांसमोर लिलाव होत नाही. प्रत्येक खेळाडू वय, अनुभव आणि करार यांनुसार एका वर्गात मोडतो आणि त्या वर्गाप्रमाणे त्याची कागदपत्रे व मुदती बदलतात. ही प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय कोणत्याही जनरल मॅनेजरला शाबासकी देणे किंवा दोष देणे न्याय्य ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

या साऱ्या व्यवहारांचा आधार म्हणजे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करार होय. करारवर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. लीगमधील ३२ संघांना सॅलरी कॅप, म्हणजे एकूण वेतनाची कमाल मर्यादा, लागू असते. ती २०२४-२५ च्या हंगामासाठी ८ कोटी ८० लाख डॉलर होती आणि २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. उन्हाळ्यात संघाला या मर्यादेच्या १० टक्के वर जाण्याची मुभा असते, परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याला मर्यादेत यावेच लागते. याशिवाय एका संघाकडे एका वेळी ५० पेक्षा जास्त करारबद्ध खेळाडू असू शकत नाहीत आणि कोणाही एका खेळाडूचे वार्षिक वेतन कॅपच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. प्रत्येक करार, प्रत्येक अदलाबदल आणि प्रत्येक नोटीस लीगच्या सेंट्रल रजिस्ट्रीकडे नोंदवावी लागते. ती नोंद मान्य होईपर्यंत बातमी कितीही पसरली तरी व्यवहार पूर्ण झाला असे मानता येत नाही.

पहिला वर्ग यूएफएचा (अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट), म्हणजे पूर्णपणे मोकळ्या खेळाडूंचा. ज्याचा करार ३० जूनला संपतो आणि ज्याने त्या तारखेपर्यंत वयाची २७ वर्षे पूर्ण केली आहेत किंवा एनएचएलमध्ये सात हंगाम जमा केले आहेत, तो या वर्गात येतो. हंगाम जमा होण्यासाठी खेळाडू किमान ४० सामन्यांसाठी संघाच्या यादीत असावा लागतो आणि गोलरक्षकासाठी ही अट ३० सामन्यांची आहे. असा खेळाडू १ जुलैला पूर्वेकडील वेळेनुसार दुपारी बारा वाजता, म्हणजे भारतात रात्री साडेनऊला, कोणत्याही संघाशी करार करू शकतो आणि जुन्या संघाला त्याबद्दल काहीही भरपाई मिळत नाही. त्यापूर्वी दुसऱ्या संघाने जुन्या संघाच्या परवानगीशिवाय त्याच्याशी बोलणी करणे नियमबाह्य आहे. बोलणी स्वतः खेळाडू करू शकतो, पण प्रतिनिधी नेमायचा असेल तर तो खेळाडू संघटनेने प्रमाणित केलेलाच असावा लागतो. २५ किंवा त्याहून अधिक वय, किमान तीन व्यावसायिक हंगाम आणि एनएचएलचे ८० पेक्षा कमी सामने, असे ज्यांचे चित्र असते तेही करार संपल्यावर मोकळे होतात. मोठ्या संघात संधी न मिळाल्याने दुय्यम लीगमध्ये अडकून पडलेल्यांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

दुसरा वर्ग आरएफएचा (रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट), म्हणजे बंधनांसह मोकळ्या खेळाडूंचा, आणि वादाचे खरे मूळ येथेच असते. करार संपला आहे, पण वय किंवा अनुभव पुरेसा नाही, अशा खेळाडूवर जुन्या संघाचा हक्क कायम राहतो. मात्र तो आपोआप राहत नाही. त्यासाठी संघाने विहित मुदतीत त्याला लेखी क्वालिफाइंग ऑफर द्यावी लागते. २०२५ मध्ये ही मुदत ३० जूनच्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत होती. ऑफरची किमान रक्कम मागील वेतनावर ठरते. मागील वेतन ६,६०,००० डॉलरपर्यंत असल्यास ११० टक्के, त्यावर परंतु १० लाखांच्या आत असल्यास १०५ टक्के आणि १० लाख किंवा अधिक असल्यास १०० टक्के, असे हे कोष्टक आहे. शेवटच्या वर्षाचे वेतन मुद्दाम फुगवलेले असेल तर ऑफर कराराच्या वार्षिक सरासरीच्या १२० टक्क्यांवर रोखण्याची तरतूद २०२० मध्ये करण्यात आली. ही ऑफर खेळाडूने स्वीकारलीच पाहिजे असे नाही, कारण तिचे मुख्य काम संघाचा हक्क शाबूत ठेवणे एवढेच असते.

ऑफर दिली नाही तर खेळाडू यूएफए होतो. २०२० मध्ये टॅम्पा बे लायटनिंगने कप जिंकला आणि कॅपच्या ओझ्यामुळे कार्टर वेर्हेगे याला क्वालिफाइंग ऑफर दिली नाही. फ्लोरिडा पँथर्सने त्याला दोन वर्षांसाठी वार्षिक १० लाख डॉलरवर घेतले, आणि २०२४ व २०२५ मध्ये फ्लोरिडाने लागोपाठ कप जिंकला तेव्हा तो त्या संघाचा महत्त्वाचा आक्रमक होता. म्हणून ऑफर मिळालेल्यांच्या यादीइतक्याच बारकाईने ती न मिळालेल्यांची यादीही वाचावी. जूनअखेरची ही यादी मला तरी १ जुलैच्या मोठ्या घोषणांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

क्वालिफाइंग ऑफर मिळालेल्या आरएफएला दुसरा संघ ऑफर शीट देऊ शकतो. खेळाडू आणि नवा संघ यांनी स्वाक्षरी केलेला हा प्रस्ताव जुन्या संघाकडे जातो आणि त्याला सात दिवसांत निर्णय घ्यावा लागतो. एक तर त्याच अटी मान्य करून खेळाडू ठेवायचा, नाहीतर ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या फेरीनिहाय वार्षिक निवडीतील, हक्क भरपाई म्हणून स्वीकारून त्याला जाऊ द्यायचे. हे हक्क नव्या संघाचे स्वतःचे असावे लागतात, दुसऱ्या संघाकडून मिळवलेले चालत नाहीत. शिवाय खेळाडू ठेवून घेतला तर जुन्या संघाला एक वर्ष त्याची अदलाबदल करता येत नाही. व्यावसायिक अनुभव पुरेसा नसलेल्या काही तरुणांना ऑफर शीटची पात्रताच नसते, त्यामुळे अमक्या संघाने त्यांच्यासाठी प्रयत्न का केला नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

या तरतुदीचा सर्वांत नेमका वापर ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने केला. एडमंटन ऑयलर्स कॅपच्या काठावर उभा असताना ब्लूजने त्या संघाच्या फिलिप ब्रोबर्गला दोन वर्षांसाठी वार्षिक ४५,८०,९१७ डॉलर आणि डिलन हॉलोवेला वार्षिक २२,९०,४५७ डॉलर देऊ केले. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्या वर्षीच्या कोष्टकात दुसऱ्या फेरीच्या भरपाईची वरची मर्यादा नेमकी ४५,८०,९१७ होती आणि तिसऱ्या फेरीच्या भरपाईची २२,९०,४५७. एक डॉलर जास्त दिला असता तर ब्रोबर्गसाठी पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्क मोजावे लागले असते. स्वतःचा दुसऱ्या फेरीचा हक्क ब्लूजने आधी पिट्सबर्गला दिलेला होता, तो त्यांनी या प्रस्तावांसाठी परत मिळवला. एडमंटनने सात दिवसांनी दोघांनाही जाऊ दिले. ऑयलर्सच्या समर्थकांचा संताप मी समजू शकतो, पण ब्लूजने नियमाबाहेर काहीही केले नाही. जून आणि जुलैमध्ये आपल्या दोन तरुणांशी करार पूर्ण करण्याची मोकळीक एडमंटनला होती आणि जाब विचारायचा तर तो त्या दोन महिन्यांबद्दल विचारायला हवा.

दीर्घ मुदतीच्या प्रस्तावात भरपाई मोजताना एकूण रक्कम करारातील वर्षे किंवा पाच यांपैकी लहान संख्येने भागली जाते. सात वर्षांचा प्रस्ताव त्यामुळे कागदावर दिसतो त्यापेक्षा वरच्या पायरीत जातो, आणि २०१९ मध्ये मॉन्ट्रियलने कॅरोलिनाच्या सेबॅस्टियन आहो याला दिलेला ४ कोटी २२ लाख ७० हजार डॉलरचा प्रस्ताव बरोबर पाच वर्षांचा असण्यामागे हाही हिशेब होता. कॅरोलिनाने तो मान्य करून आहोला ठेवले. दोन वर्षांनी कॅरोलिनाने मॉन्ट्रियलच्या येस्पेरी कोटकानिएमीला एका वर्षासाठी ६१,००,०३५ डॉलर देऊ केले, त्यात आहोच्या जर्सीच्या क्रमांकाएवढा २० डॉलरचा बोनसही होता. या वेळी मॉन्ट्रियलने पहिल्या व तिसऱ्या फेरीचे हक्क घेऊन खेळाडू सोडला.

वेतनाचा वाद त्रयस्थाकडून सोडवून घेण्याचा, म्हणजे लवादाचा, मार्गही आरएफएलाच खुला असतो. पहिला करार कोणत्या वयात केला त्यावर आवश्यक अनुभव ठरतो: १८ ते २० व्या वर्षी करार करणाऱ्याला चार वर्षे, २१ व्या वर्षी तीन, २२ किंवा २३ व्या वर्षी दोन आणि त्यानंतर एक. खेळाडूने ५ जुलैच्या सायंकाळपर्यंत अर्ज करायचा असतो आणि अर्ज केला की ऑफर शीटचा दरवाजा बंद होतो. सुनावणीत त्याची कामगिरी, उपलब्धता आणि तुलनेस योग्य अशा खेळाडूंचे करार मांडता येतात. यूएफए म्हणून झालेले करार, वृत्तपत्रांतील मते आणि संघाची आर्थिक स्थिती मात्र पुरावा म्हणून चालत नाही. चाहत्यांच्या चर्चेत नेमके हेच तीन मुद्दे सर्वाधिक ऐकू येतात, म्हणून हे वगळलेले पुरावे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

अदलाबदलीसाठी दोन्ही संघांना सेंट्रल रजिस्ट्रीशी दूरध्वनीवर तपशील पक्के करावे लागतात. खेळाडू कोणते, निवडीचे हक्क कोणत्या वर्षाचे, अटी कोणत्या आणि वेतनाचा किती भाग जुना संघ स्वतःकडे ठेवणार, हे सारे तेथे स्पष्ट होते. हा ठेवलेला भाग जास्तीत जास्त ५० टक्के असू शकतो, एका संघाकडे अशी प्रकरणे एका वेळी तीनपेक्षा अधिक नसावीत आणि त्यांची बेरीज कॅपच्या १५ टक्क्यांच्या आत राहावी, अशी अट आहे. खेळाडूच्या करारात अदलाबदलीला नकार देण्याचे कलम असेल तर त्याची संमती हवी. हे कलम यूएफएसाठी आवश्यक असलेले वय किंवा हंगाम पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षांसाठीच लागू होऊ शकते. काहींचे कलम मर्यादित असते आणि कोणत्या संघांत आपण जाणार नाही याची यादी ते ठरलेल्या तारखेपर्यंत देतात.

अशी यादी म्हणजे केवळ औपचारिकता असे कोणाला वाटत असेल तर त्याने एव्हगेनी डाडोनोव्हचे प्रकरण पाहावे. २०२० मध्ये ओटावाशी करार करताना त्याला दहा संघांना नकार देण्याचा हक्क मिळाला होता. जुलै २०२१ मध्ये ओटावाने त्याला व्हेगासकडे पाठवले. व्हेगासने २१ मार्च २०२२ रोजी, त्या हंगामातील अदलाबदलीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी, त्याला अनाहाइमला देण्याचा व्यवहार केला, तेव्हा अनाहाइम त्याच्या यादीत असल्याचे उघड झाले. दोन दिवसांनी लीगने व्यवहार रद्द केला. डाडोनोव्ह व्हेगासमध्येच खेळत राहिला आणि जूनमध्ये दुखापतीमुळे खेळू न शकणाऱ्या शे वेबरच्या कराराच्या बदल्यात मॉन्ट्रियलला गेला. एका कागदाची नोंद संघांच्या हाती नीट न आल्याने एका माणसाला ज्या शहरात जायचे नव्हते तेथे पाठवण्याची वेळ आली होती, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयात सर्वांत गंभीर वाटते.

१ जुलैच्या तोंडावर होणाऱ्या काही अदलाबदली कराराच्या लांबीशी बांधलेल्या असतात. २०१३ पासूनच्या नियमांत आठ वर्षांचा करार तोच संघ करू शकतो ज्याच्या यादीत खेळाडू त्या हंगामातील अदलाबदलीच्या अंतिम मुदतीपासून आहे, आणि इतरांसाठी मर्यादा सात वर्षांची आहे. जून २०२४ च्या अखेरीस टॅम्पाने जेक गेन्ट्झेलशी आधी बोलता यावे म्हणून कॅरोलिनाला तिसऱ्या फेरीचा हक्क दिला, तरी करार सात वर्षांचाच झाला. याउलट २०२५ मध्ये मिच मार्नरने टोरंटोशी आठ वर्षांचा ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला आणि त्या करारासह तो व्हेगासला गेला, तर टोरंटोला निकोला रॉय मिळाला. टोरंटोला फार कमी मिळाले असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की १ जुलैला दुपारी बारानंतर त्यांना काहीच मिळाले नसते.

नोंदणीच्या टप्प्यावर करार फेटाळलाही जाऊ शकतो. २०१० मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवालचुकशी केलेला १७ वर्षांचा १० कोटी २० लाख डॉलरचा करार कॅपला बगल देणारा ठरवून लीगने नाकारला, लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी तो निर्णय उचलून धरला, आणि शेवटी १५ वर्षांचा १० कोटींचा करार मंजूर झाला. करार विकत घेऊन खेळाडूला मोकळे करण्याची मुदत जूनअखेर संपते. त्यासाठी २६ वर्षांखालील खेळाडूला उरलेल्या वेतनाचा एक तृतीयांश आणि इतरांना दोन तृतीयांश भाग, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यावा लागतो.

आरएफएची शेवटची तारीख १ डिसेंबर ही आहे. तोपर्यंत सही झाली नाही तर त्याला त्या हंगामात एनएचएलमध्ये खेळता येत नाही. २०१८ मध्ये विल्यम नायलँडरने टोरंटोशी करार केला तो याच दिवशी, मुदतीला काही मिनिटे उरली असताना. १६ सप्टेंबर २०२६ पासून नवा सामूहिक करार लागू होत असून त्यात कमाल लांबी स्वतःच्या खेळाडूसाठी सात आणि बाहेरच्यासाठी सहा वर्षे होईल. त्यामुळे दोन उन्हाळ्यांतील करारांची तुलना करताना सहीची तारीख आधी पाहावी लागेल.